उजेडाची उलटी रेघ

१

“म्याच फोडला, गुरुजी.”

वर्षं लोटली, पण तो आवाज रेश्माच्या कानातून गेला नव्हता. शाळेतला पाण्याचा माठ फुटला होता. ओल फरशीवरून पसरत चालली होती, आणि ज्यानं तो फोडला तो रणजित भिंतीला पाठ लावून उभा होता. अख्ख्या वर्गानं पाहिलं होतं. तरी दीपक उठला, तळहात पुढं केला आणि म्हणाला, म्याच. छड्या खाताना त्यानं आपल्या चुलतभावाकडं एकदाही मान वळवली नाही.

आज तुरुंगातल्या जाळीपलीकडून तोच दीपक, तशीच मान खाली घालून बोलत होता.

“म्याच केलं, रेश्मा. रागाच्या भरात ट्रॅक्टर मागं घेतला. ट्रॉलीमागं तात्या व्हते.”

तात्या म्हणजे त्याचे वडील, गेणबा. इंदापूरच्या वाटेवर कालव्याच्या कडेला ढेकळे वस्ती आहे, तिथं त्यांचा ऊस. हंगामातली शेवटची खेप कारखान्याला निघायची, तेव्हा ट्रॅक्टर नवऱ्यासारखा सजवतात, गुलाल उधळतात. त्याच संध्याकाळी, गुलाल अंगावर असतानाच, गेणबा भरल्या ट्रॉलीच्या आणि कडुलिंबाच्या खोडाच्या मध्ये सापडून गेले.

“भांडण कशावरून झालं?”

“ऊस मोडून डाळिंब लावायचं म्हणत व्हतो मी. तात्या म्हणाले, माझ्या माघारी लाव.”

“एवढ्यावरून बाप मारलास?”

जाळीला धरलेली बोटं पांढरी पडली होती.

“बरं. मागं घेताना मान वळवून बघितलंस ना? काय दिसलं?”

“काय दिसायचं?”

“ते मी विचारतेय.”

“फोटो हाय की,” तो म्हणाला. “फोटो खोटं बोलतो व्हय? पुढच्या तारखेला मी गुन्हा कबूल करणार हाय. तू नगं पडू ह्यात. काळा कोट घालून दुसऱ्या कुणाचं तरी भलं कर, जा.”

रेश्मा त्याच वस्तीवरची. त्यांच्याच पाटाचं पाणी पिऊन वाढलेली. बारामतीच्या कोर्टात तिची वकिली नुकती कुठं पाय रोवत होती. फाटकाबाहेर येऊन ती लाल डब्याची वाट बघत उभी राहिली तेव्हा डोळ्यांपुढं उन्हाची नुसती झळ नाचत होती. जन्मठेप. दीपक सुटून येईल तेव्हा त्याची छकुली कुणाची तरी आई झालेली असेल.

आणि मग तिला ते खटकलं. फोटोत जेवढं होतं तेवढंच दीपकनं सांगितलं होतं. फोटोबाहेरचं एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. जो माणूस तिथं होता, त्याला फोटोपेक्षा जास्त दिसायला नको?

२

त्या फोटोची प्रत तिच्या पिशवीत होती. एस.टी.त बसून तिनं पुन्हा एकदा ती मांडीवर धरली.

दिवस बुडतानाचा फोटो. ट्रॅक्टर कालव्याच्या भरावाच्या चढणीवर, वर तोंड करून आहे. बॉनेटवर चमकीच्या माळा, उसाच्या शेंड्यांची वाढी, गुलाल. स्टिअरिंगमागं बसलेला दीपक, त्याच्या कपाळावरचा टिळासुद्धा मोजून घ्यावा इतका स्पष्ट. मागची ट्रॉली मात्र काळ्या डोंगरासारखी, तिच्यातलं काहीच दिसत नाही. आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही दिव्यांपासून निघालेल्या पिवळ्या रेघा, ट्रॅक्टरच्या पुढं, चढणीवर ताणलेल्या.

तपासवाल्यांनी त्या रेघांवरच बोट ठेवलं होतं. चालत्या दिव्याची शेपूट तो जिथून आला तिकडं राहते. शेपूट पुढं आहे, म्हणजे ट्रॅक्टर पुढून मागं येत होता. आरोपीही तेच म्हणतो. मग आणखी काय हवं?

वस्तीवर रणजित गोठ्यापुढं कडबा तोडत बसला होता. तिला बघून त्यानं विळा खाली ठेवला नाही.

“आल्या का वकीलीणबाई? बाप मारणाऱ्याला सोडवाया?”

“तुझ्या भावाला भेटून आले.”

“भाऊ न्हाय त्यो माझा.” त्यानं कडब्यावर घाव घातला. “आईबाप गेल्यावर मला कुणी वाढवलं? तात्यांनी. स्वतःच्या ताटातली अर्धी भाकर मोडून वाढवलं. फोटोचं मीच सांगितलं पोलिसांना. उद्या बी सांगीन.”

“तू त्या वेळी कुठं होतास?”

“मोटारसायकलवर गुलाल घिऊन आलो, आन गुलाल दिऊन तसाच पलीकडच्या फडात गेलो, तोडणीवाल्यांकडं. हलगी चालू व्हती. किंचाळी ऐकू आली तवा पळालो. बघतो तर ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली, दीपक्या ती पुढं वढतोय आन खाली तात्या…” विळा हातातच थांबला. “तोंडावर गुलाल व्हता गं त्यांच्या. रगत कुठलं आन गुलाल कुठला, कळंना.”

“तू गेल्यावर चढणीपाशी कोण कोण उरलं?”

“तात्या, दीपक्या, काकी, पोरगी. आन त्यो बारामतीचा फोटोवाला. दीपक्याची बायको बाळंतपणाला मोरगावला गेलेली. तेवढं बरं झालं म्हणायचं.”

“तात्यांच्या माघारी डाळिंब कोण लावणार रे, रणजित? दीपक तुरुंगात गेल्यावर रान तूच बघणार ना?”

तो उठला. तिला वाटलं, आता हा विळ्यासकट अंगावर येतो. पण त्यानं कडब्याची पेंढी उचलून म्हशीपुढं टाकली आणि पाठमोरा म्हणाला, “ऊस तर मी बी ठिवणार न्हाय. त्या चढणीवरनं मला ट्रॉली न्यायची न्हाय पुन्यांदा.”

ओसरीत चंद्राबाई, दीपकची आई, खांबाला टेकून बसली होती. मांडीवर नात. रेश्मानं हाक मारली, काकी. तिनं वर पाहिलं, आणि पुन्हा पोरीच्या केसांत बोटं घातली. नवरा गेल्यापासून ती बोलत नव्हती म्हणे. पाण्याला पाणी आणि भाकरीला भाकरी, एवढेच शब्द तिच्यापाशी उरले होते. एके काळी जात्यावर, मोटेवर, बारशाला हिच्याशिवाय ओवी उठत नसे. शेवटच्या खेपेची ओवी तर तिचीच:

शेवटल्या गं मोळीची, करा पाठवणी नीट,
लेक चालली सासरी, लागू देऊ नका दीट.

“छकुले,” रेश्मानं विचारलं, “फोटो काढला त्या दिवशी तू काय करत होतीस गं?”

पोरीनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.

३

फोटोवाल्या अविराजचा स्टुडिओ बारामतीत, एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. लग्नसराई असून शटर अर्धं ओढलेलं होतं. आत तो एकटाच बसला होता, दाढी वाढलेली.

“ताई, मी जबाब दिलाय. आणखी काय सांगू?”

“जबाब नको. कॅमेरा दाखव.”

कॅमेरा लहानसा, जुन्या घाटाचा, काळा. पुण्याच्या एका हौशी डॉक्टरांकडून त्यानं तो घेतला होता. रेश्मानं डोळ्याला लावला. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातल्या इवल्या खिडकीतून टेबलावरचा गणपती दिसला, पण दोन. एक खरा आणि एक त्याची फिकट सावली.

“भिंग फिरवा. दोन्ही एकावर एक आले की नेम बसला,” अविराज म्हणाला. “ह्यात भिंगातून बघायचं नसतं. ही खिडकी वेगळी, भिंग वेगळं. आपण बघतो एक आणि तो बघतो दुसरं.”

“आणि फ्लॅश?”

“तो मी कॅमेऱ्यावरच सोडला होता. ऑटो. बटण दाबलं की आधी एक बारीक चमक मारतो, समोरून किती उजेड परत येतो ते बघतो, मग तेवढ्यापुरता मोठा. आणि उजेड कमी असला की भिंगामागचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. त्या वेळात दिवा हलला की रेघ उठते.”

“रेघ उठते ते कळलं. पण फ्लॅश कधी पडतो? पडदा उघडताना, की मिटताना?”

अविराजनं खांदे उडवले. “मिटताना. मी कायम मिटतानाच ठेवतो. वरातीत कोणी दिवे घेऊन नाचत असलं की माणूस पुढं आणि शेपूट मागं. लोकांना तसंच आवडतं.”

“ह्या कॅमेऱ्यात तू ते ठेवलं होतंस?”

“म्हणजे?”

“म्हणजे हातात धरून, बघून, ठेवलं होतंस का?”

त्याची नजर कपाटाकडं गेली. जुना कॅमेरा कपाटात होता. त्याच्यावर त्यानं कैक वरातींत तसंच ठेवलं होतं, हात बसला होता. नव्यावरही तसंच असणार, हे त्यानं मनानंच धरलं होतं. आणि तसंच पोलिसांना सांगितलं होतं.

“मी दीपकला म्हणालो होतो, पुढं ये,” तो हळू म्हणाला. “ट्रॅक्टर पुढं घे, उजेडात. पण नंतर फोटोत बघतो तर मागं येताना दिसतोय. म्हटलं, आपलाच काहीतरी भ्रम. माझा डोळा त्या खिडकीत होता ताई, गणपतीसारखे दोन दीपक जुळवत होतो. तो कबूल करतोय म्हटल्यावर मी कोण?”

“त्या दिवशीचे बाकीचे फोटो?”

“पोलिसांनी एकच नेला. बाकीचे आहेत.”

कॉम्प्युटरवर एकेक फोटो उघडत गेला. मोळीची पूजा. हलगीवाले. ताट घेऊन चंद्राबाई. गेणबा, पागोटं सारखं करताना, हसत. रेश्मानं मान फिरवली. मग पुन्हा बघितलं. पुढचा फोटो रणजितचा होता. मोटारसायकलवर, पुढं गुलालाचं पोतं, हेडलाइट लावलेला. आणि त्या हेडलाइटची पिवळी रेघ गाडीच्या पुढं, रस्त्यावर लांबवर.

“हा तर वस्तीकडं येतानाचा,” अविराज म्हणाला. “ह्यात काय?”

रेश्मानं त्या रेघेवर बोट ठेवलं.

“अविराज, मोटारसायकलीला रिव्हर्स गिअर असतो का रे?”

४

अविराजनं कॅमेऱ्यातली सेटिंगची यादी उघडली. एकेक ओळ खाली सरकली. फ्लॅशची ओळ आली. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: पडदा उघडताना.

“त्या दिवसानंतर मी ह्याला हात लावलेला नाही,” तो म्हणाला. “आईशपथ.”

“शपथ कोर्टात चालत नाही. करून बघू.”

त्यांनी खिडक्यांना काळं कापड लावलं. खोली तिन्हीसांजेएवढी झाली. रेश्मानं हातात बॅटरी घेतली आणि भिंतीकडून दाराकडं चालायला लागली. बारीक चमक, मग लख्ख.

फोटोत ती स्पष्ट उभी होती, एक पाय उचललेला. आणि बॅटरीची रेघ तिच्या पुढं, दाराकडं. ज्याला ठाऊक नाही तो म्हणाला असता, ही बाई पाठीमागं येतेय.

फ्लॅशनं तिला आधी पकडलं होतं. मग ती पुढं गेली, आणि पडदा उघडाच असल्यानं तिच्यापुढची वाट उजेडानं रेखली गेली. शेपूट नव्हतीच ती. ती पुढची पावलं होती.

“तो पुढं येत होता,” अविराज खाली बसला. “मी म्हटलं तसा पुढं येत होता. आणि मी त्याला…”

“रडायला वेळ आहे पुढं.” रेश्मा खिडकीशी गेली. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण ह्या उत्तराच्या पोटात दुसरा प्रश्न होता, आणि तो जास्त काळा होता. ट्रॅक्टर पुढं जात असेल आणि ट्रॉली त्याला जोडलेली असेल, तर ट्रॉलीमागचा माणूस चिरडेलच कसा? चिरडायचा तर ट्रॉली एकटीच मागं घसरायला हवी. म्हणजे ती सुटी होती. दीपकनं ट्रॉली जोडायची पिन काढून ट्रॅक्टर तेवढा पुढं घेतला होता, फोटोपुरता. रणजितनं पाहिलं तेव्हा जोडलेली होती, कारण बापाच्या अंगावरून ती ओढून काढायला दीपकनंच परत येऊन जोडली होती. पोलिसांना मातीत दिसलेली मागं येण्याची चाकोरी तीच.

हे सगळं दीपकला ठाऊक होतं. हे बोलला असता तर तो अपघात होता. मग तो खून का कबूल करतो?

“अविराज, ट्रॉली एवढी काळी का आलीय?”

“चमकीमुळं. बॉनेटवरच्या माळा आरशासारख्या. बारीक चमक त्यांच्यावर पडून एवढी परत आली की त्याला वाटलं, उजेड भरपूर आहे. त्यानं फ्लॅश आवरता घेतला. जवळचं उजळलं, मागचं राहिलं.”

“मागचं गेलं, की नुसतं झाकलंय?”

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग फोटोतला अंधार हळूहळू वर काढायला लागला. काळ्या डोंगराचा राखी झाला. उसाच्या मोळ्या उमटल्या, ट्रॉलीची फळी, चाक. सगळं दाणेदार, धुक्यातून यावं तसं.

चाकाशी कुणीतरी वाकून बसलं होतं.

दोन वेण्या. परकर. पुढं केलेला हात, आणि हातात पिवळा ठिपका. लिंबू. डोळे गच्च मिटलेले. त्या पहिल्या बारीक चमकेनं ते मिटवले होते.

“छकुली,” रेश्मा म्हणाली, आणि दीपक कुणासाठी हात पुढं करून उभा आहे ते तिला कळलं.

५

“तू बघितलंस?” जाळीपलीकडून दीपकचा चेहरा एकदम म्हातारा झाला. “आणखी कुणी बघितलं?”

“अविराजनं.”

“पुसून टाक म्हणावं. रेश्मा, तुझ्या पाया पडतो. पुसून टाक.”

“आधी मला सांग.”

शिपाई कुठं आहे ते त्यानं बघून घेतलं. मग सगळं एकदम सांडलं. चढणीवर भरली ट्रॉली ओढून पुन्हा थांबवणं अवघड, म्हणून त्यानं पिन काढली होती. तात्यांनी स्वतः चाकामागं दगड ठोकला होता, आणि मागं लाल फडकं बांधायला गेले होते. आई तेव्हा घरात ताट करत होती. तो चढून बसला, हॉर्न दिला, पुढं निघाला. फ्लॅश झाला. मग सहज आरशात बघितलं, तर पोरगी चाकाशी. आणि बघता बघता ट्रॉली हलली.

“दरसाली चाकाखाली लिंबू ठेवतात. दीट लागू नये म्हणून. आईनं शिकवलेलं तिला. लिंबू ठेवाया गेली आन दगड आडवा आला आसंल. काढला आसंल तिनं. तिला काय कळतंय?” तो कपाळ जाळीवर टेकवून बोलत होता. “शाळेत म्हणतील, आज्याला मारणारी. लग्नात म्हणतील. म्हातारी होईस्तवर म्हणतील. त्यापरीस माझा बाप खुनी, हे बरं. खुनी बाप इसरता येतो.”

“न्यायाधीश लहान पोरीला काही करत नाहीत, दीपक. कायद्यानं—”

“कायदा वस्तीवर ऱ्हातो व्हय? पाणवठ्यावर येतो?” तो हसला, आणि ते हसू बघवेना. “तू ह्यो फोटो कोर्टात दिलास ना, तर मी म्हणीन वकीलीण खोटं बोलतीया. म्हणीन, पिन लावलेली व्हती. मी न्हाय सुटणार. आन पोरगी जाईल ती जाईल.”

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं. दीपक उठला. जाताना वळून म्हणाला, “पोरीला आंबट आवडायचं. खाती का अजून?”

रेश्मा फाटकाबाहेर आली. दोन वाटा होत्या. एकीवर बाप गाडला जात होता आणि दुसरीवर लेक, आणि त्यातली एक निवडणारी ती एकटी. तिला वाटलं, कोट इथंच फाटकावर टांगावा आणि जावं कुठंतरी, जिथं फोटो निघत नाहीत.

पण एस.टी. काटेवाडीच्या पुढं आली आणि तिला आठवलं, दीपकनं आरशात काय पाहिलं ते. पोरगी, लिंबू आणि चाक. दगड काढताना त्यानं तिला पाहिलं नव्हतं. ते त्यानं मनानंच लावून घेतलं होतं, जसं अविराजनं शेपटीचं लावून घेतलं तसं.

आणि लिंबू तर चाकाच्या पुढं ठेवतात. दगड मागं असतो.

६

कडुलिंबाच्या बुंध्याशी तो दगड अजून पडलेला होता. कुणी त्याला हात लावलेला नव्हता, भीतीनंच असावं. सकाळचं ऊन त्याच्यावर तिरपं पडलं होतं. काळा, अंगानं भक्कम, उखळाएवढा. रेश्मानं खाली वाकून बघितलं. एका कडेचा टवका उडाला होता आणि तिथून लोखंडाचा ओरखडा गेला होता.

पहार लागली होती.

ती घरापाशी आली. चंद्राबाई ओसरीत ज्वारी पाखडत होती. छकुली उंबऱ्यात बसली होती, भाकरीचा तुकडा हातात, न खाल्लेला.

“छकुले, मला एक काम करशील? कोपऱ्यातली पहार उचलून आण बघू.”

पोरगी उठली. दोन्ही हातांनी पहार धरली, पाय रोवले, तोंड लाल झालं. पहारीचं टोक जमिनीवरून सुटलं नाही.

“न्हाय उचलत, आत्या.”

“राहू दे. तू त्या दिवशी चाकामागचा दगड काढलास का गं?”

सुपाचा आवाज थांबला.

“मी लिंबू ठिवलं,” पोरगी म्हणाली. “नीट ठिवलं न्हाय. म्हणून आजा मेला.”

“कुणी सांगितलं तुला असं?”

“कुणीच न्हाय. मला ठावं हाय.”

रेश्मा चंद्राबाईकडं वळली. तिच्या आवाजात वकिली उरली नव्हती, नुसता थकवा होता.

“काकी, दगड हातानं निघत नव्हता. का, ते तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. ट्रॅक्टरनं ओझं घेतलं की दगड मोकळा होतो, पोरही बाजूला करतं. निघत नसला तर समजायचं, ओझं अजून दगडावरच आहे. त्या दिवशी तो कुणीतरी पहारीनं उचकटला. पलीकडच्या बाजूनं, जिथलं दीपकला आरशात दिसत नव्हतं. रणजित फडात होता. अविराज समोर होता. दीपक वर होता. ह्या पोरीला पहार उचलत नाही. मग कोण राहिलं, काकी?”

चंद्राबाईनं सूप खाली ठेवलं. दाणे सारखे केले. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“छकुले, जा बाळ, आत जा,” रेश्मा म्हणाली.

“नगं. बसू दे तिला.” आवाज खरवडल्यासारखा आला, विहिरीत दगड घासत जावा तसा. “तिनं ऐकाय पायजे. हिकडं ये गं.”

पोरगी तिच्याजवळ जाऊन बसली.

“तू काय केलं न्हाईस. ऐकलंस का? लिंबू नीट ठिवलं व्हतंस तू. दगड म्या काढला.”

पोरगी आजीकडं बघत राहिली.

“दरसाली मीच काढती. हॉर्न वाजला, ट्रॅक्टर हालला, की दगड काढायचा. पिन काढल्याली मला ठावं न्हवती, मी आत व्हते. दगड निघंना, तर पहार घातली.” ती रेश्माकडं न बघता, अंगणातल्या उन्हाकडं बघून बोलत होती. “दीपकला धरून नेलं तवा त्यो माझ्या कानाला लागून म्हणला, आई, पोरीचं नाव काढू नगंस. तवा मला कळलं, त्याला काय वाटतंय. सांगाया त्वांड उघडलं, तर गाडी गेली बी. मग रोज म्हणायचं, उद्या सांगीन. आन रोज ही मांडीवर येऊन निजायची.”

“काकी, तो अपघात होता. तुला काही माहीत नव्हतं. आपण हेच सांगू, म्हणजे दीपक—”

“न्हाय, रेश्मा. आजून हाय.”

रेश्मा थांबली. रणजित गोठ्यातून बाहेर येऊन खांबापाशी उभा होता; केव्हापासून, कुणास ठाऊक.

“त्या फोटोवाल्यानं सांगितलं व्हतं, ट्रॅक्टरचा झाला की तुमचा दोघांचा जोडीनं काढतो. आमचा लग्नातला बी फोटो न्हाय. दिस बुडत चालला व्हता. म्हणलं, ही ट्रॉली एकदाची निघू दे वर, न्हायतर उजेड जाईल.” तिनं पोरीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “मी पहार घातली, आन ट्रॉलीच्या मागनं ह्यांनी हाक दिली. ‘चंद्रे, दगडाला हात लावू नगं.’ चाळीस वरसं हेच गं. ह्याला हात लावू नगं, तिकडं जाऊ नगं. म्या सगळं ऐकलं आजवर. त्या दिशी म्हणलं, वरडू दे.”

तिचा आवाज विझत आला, पण शब्द एकेक करून स्पष्ट येत राहिले.

“हलगी वाजत व्हती, ऐकू आलं नसंल, असं म्हणतील लोक. तू बी कोर्टात तसंच म्हणशील. पण मला ऐकू आलं व्हतं.”